मागच्या चाकाचा डिस्क ब्रेक : बसवावा कसा, हवा काढावी कशी?

शेतकरी बंधूंनो, बांधीला पाणी द्यायचे आहे, वीज आहे, मोटार फिरते आहे. पण नळाच्या तोंडाला पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? पंपात हवा शिरली हे तुम्ही आवाजावरून ओळखता. बूच काढून पंपात पाणी भरता, फुटव्हॉल्व्ह पाहता, सक्शनच्या नळाचा सांधा कुठे हवा ओढतो काय ते शोधता. आत हवा आहे तोवर मोटार कितीही फिरली तरी पाणी उचलायची नाही, हे तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही.

गाडीच्या ब्रेकचे नेमके असेच आहे. त्यातही एक लहानसा पंप असतो, नळ्या असतात, आणि पाण्याऐवजी ब्रेक ऑइल असते. त्यात हवा शिरली की पाय कितीही जोराने दाबा, चाकाला काही कळत नाही. फरक एवढाच, की पंपात हवा राहिली तर पाण्याची एक पाळी हुकते. ब्रेकमध्ये राहिली तर माणूस जातो.

तिरोडा तालुक्यातल्या गावांतून आता बैलबंडीच्या जोडीला मोटारसायकल, पिकअप, जीप दारात उभ्या दिसतात. बऱ्याच मोटारसायकलींना आणि काही मोटारींना मागच्या चाकालाही डिस्क ब्रेक असतो. काही हौशी तरुण जुने सुटे भाग जमवून स्वतःची गाडी बांधतात. इंजिन चालू झाले की त्यांना आभाळ ठेंगणे होते. ब्रेकचे काम मात्र शेवटी, घाईघाईत उरकले जाते. म्हणून मागच्या चाकाचा कॅलिपर बसवावा कसा आणि त्यातली हवा काढावी कशी, हे आज आपण क्रमाने पाहू. काम मेकॅनिककडून करून घेणार असाल तरी वाचा. त्याने काय केले आणि काय राहिले, हे तुम्हांला ओळखता आले पाहिजे.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा जातो?

बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम फ्रान्सच्या पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. आपला ब्रेक त्यावरच चालतो.

एक साधा हिशेब करू. तुम्ही पेडलवर २० किलोचा जोर दिला. पेडल ही पहारीसारखी तरफ आहे. ती जोर पाचपट करते असे धरू. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर आला. तो दट्ट्या ३ चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ किलो दाब झाला. चाकाजवळच्या कॅलिपरचा दट्ट्या मोठा, समजा १८ चौरस सेंटिमीटरचा आहे. तिथे ३३ गुणिले १८, म्हणजे जवळजवळ ६०० किलो जोर मिळतो. पाय २० किलोचा आणि चाकाला धरणारी पकड ६०० किलोची!

आता यात हवा काय करते ते पाहा. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या फार तर ३ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे एका दाबात तो ९ घनसेंटिमीटर तेल पुढे ढकलू शकतो, त्याहून जास्त नाही. तेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत ६ घनसेंटिमीटर हवेचा बुडबुडा असेल, तर एवढ्या दाबाखाली तो आक्रसून हरभऱ्याच्या दाण्याएवढा होतो. त्याची ती मोकळी झालेली जागा भरण्यातच दट्ट्याची निम्म्याहून अधिक धाव संपते. उरलेल्या धावेत पॅड डिस्कला धड टेकतही नाहीत आणि पेडल तळाला लागते. पेडल स्पंजासारखे लागणे म्हणजे आत हवा असणे, ते यामुळेच.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर वासरू आले हे दिसून पाय पेडलवर पोचेपर्यंत तो सेकंद सरतो. पुढे चांगला ब्रेक गाडीला साधारण २३ मीटरांत थांबवील. ब्रेक निम्म्या ताकदीचा असेल तर ४६ मीटर लागतील. म्हणजे एकूण ४० मीटरांच्या जागी ६३ मीटर. त्या अधिकच्या २३ मीटरांत काय काय येऊ शकते याचा विचार करा.

डिस्क ब्रेकची ओळख

जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक ढोल फिरतो आणि त्याच्या आत दोन ब्रेक शू बाहेरच्या बाजूला फाकून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये ढोलाऐवजी लोखंडाची सपाट तबकडी चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्यात दट्ट्या असतो, आणि तबकडीला जे दोन ठोकळे घासतात ते ब्रेक पॅड.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली या ब्रेकचे पेटंट घेतले. पण तो नावारूपाला आला तो १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने जिंकली. त्याचे मोठे गुण दोन. तबकडी उघडी असल्याने ती लवकर थंड होते, आणि तिच्यावर पाणी टिकत नाही. ढोलात पाणी शिरले तर बराच वेळ ब्रेक लागत नाही. आपल्या धानाच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने रस्त्यावर, पांदणीत आणि नाल्यात पाणीच पाणी असते, तेव्हा हा गुण लहान नव्हे. पण उघडेपणाचा तोटाही आहे. चिखल, वाळू आणि गंज यांचा मारा थेट कॅलिपरवर होतो.

कॅलिपर दोन जातींचे असतात. एकात दोन्ही बाजूंना दट्टे असतात आणि कॅलिपर जागचा हलत नाही. दुसऱ्यात दट्ट्या एकाच बाजूला असतो. कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो आणि पलीकडचा पॅड ओढून आणतो. आपल्याकडे बहुधा हा सरकता कॅलिपरच पाहायला मिळतो.

मागच्या ब्रेकला सांभाळून

ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते आणि शेपूट वर उचलते. म्हणजे वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक लागला तर ते जागीच जाम होऊन घसरते. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर मात्र गाडी गरकन फिरते. म्हणून मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा मऊच हवा.

ढोल काढून मागे डिस्क बसविणारे नेमके इथे फसतात. मोठा कॅलिपर म्हणजे चांगला ब्रेक, असे त्यांना वाटते. पण मागे मोठा कॅलिपर लावला की तोल बिघडतो. शिवाय काही गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये ढोलाच्या ब्रेकसाठी थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच ठेवून पुढे डिस्क जोडला तर पॅड सदा घासत राहतात आणि तापतात. तेव्हा कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब कमी करणारी झडप ही तिन्ही एकमेकांना शोभतील अशीच घ्यावीत. या निवडीत जाणत्या माणसाचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. जी चाके वर उचलायची नाहीत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जॅकवर गाडी उचलली की लगेच खाली मजबूत लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका आणि विटांची चळत तर मुळीच लावू नका. वीट न सांगता फुटते.

ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्या.

ब्रेक ऑइल विषारी आहे. डिझेल काढताना काही जण नळी तोंडाने ओढतात, तसे इथे कधीही करू नका. डबा लेकराबाळांच्या आणि गुराढोरांच्या वाऱ्यालाही ठेवू नका. हे तेल रंगावर सांडले तर रंग उकलतो. लगेच पाणी ओतून धुवावे.

कॅलिपर बसविणे

पहिले काम तबकडीचे. ती जिथे बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाची एक पापडी राहिली तरी तबकडी डुलते. नव्या तबकडीवर गंज न चढावा म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने किंवा स्पिरिटने पुसून काढा. मग एक तार जवळ घट्ट बांधून तिचे टोक तबकडीच्या कडेला टेकेल न टेकेल असे ठेवा आणि तबकडी हाताने फिरवा. वहीच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक ती डुलत असेल तर पुन्हा काढून बसवा.

दुसरे काम ब्रॅकेटचे. कॅलिपर ज्या लोखंडी कानावर बसतो तो ब्रॅकेट. गाडीचा मूळचा ब्रॅकेट असेल तर प्रश्न नाही. घरी बांधलेल्या गाडीला तो करून घ्यावा लागतो, आणि ब्रेकचा सगळा झटका त्यालाच सोसावा लागतो. तो जाड पोलादाचा आणि तबकडीला अगदी समांतर हवा. पातळ पट्टी वाकते. भिडाच्या भागावर वेल्डिंग करून कान चिकटविणे धोक्याचे. ते केव्हा तडकेल सांगता येत नाही. बोल्ट भंगारातले नकोत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेले मजबूत बोल्ट घ्या आणि माहितीपुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा.

तिसरे, कॅलिपर मधोमध आणणे. कॅलिपर हाताने बसवून पाहा. तबकडी त्याच्या बरोबर मध्यातून जाते की एका बाजूला झुकते? झुकत असेल तर ब्रॅकेटखाली योग्य जाडीच्या चकत्या घालून मध्य साधा. ठोकून, वाकवून बसवू नका. दोन्ही बाजूंना दट्टे असलेल्या कॅलिपरला तर मध्य साधलाच पाहिजे.

चौथे, पिना आणि पॅड. सरकत्या कॅलिपरच्या पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस रबराला फुगविते आणि पीन अडकते. कॅलिपर बोटांनी मागेपुढे सरकला पाहिजे. पॅडची घासणारी बाजू तबकडीकडे आहे ना, हे पाहा. घाईत उलटे पॅड बसविणारेही असतात, आणि मग लोखंडावर लोखंड घासते. पॅडला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

पाचवे, रबरी नळी. ती कॅलिपरला जोडताना पोकळ बोल्टाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर घाला. जुने वायसर एकदा दबलेले असतात. ते हमखास पाझरतात. नळीला पीळ पडू देऊ नका. गाडी खाली बसली आणि वर उचलली अशा दोन्ही वेळी नळी ताणत नाही, टायरला किंवा सायलेन्सरला घासत नाही, याची खात्री करा. मागे धानाची पोती भरल्यावर गाडी किती खाली बसते हे आठवून नळीला जागा द्या. काम चालू असताना कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवू नका. तारेने वर बांधून ठेवा.

शेवटी चाक बसवून हाताने फिरवा. रिम कॅलिपरला कुठे लागत नाही ना ते पाहा. मगच तेल भरा.

निपल वर की खाली?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. कॅलिपरला एक बारीक बोल्टासारखी तोटी असते. तिला निपल किंवा ब्लीडर म्हणतात. हवा तिच्यातूनच बाहेर काढायची असते. हवा नेहमी वर जाते. म्हणून निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असलेच पाहिजे.

डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसविला, तर तो बसतो झकास, पण निपल खाली येते. मग तुम्ही दिवसभर पेडल मारा, डबेच्या डबे तेल ओता. वरच्या पोकळीत अडकलेली हवा तिथेच बसून राहते. एका गाडीचा कॅलिपर दुसऱ्या गाडीला, आसाच्या पुढे किंवा मागे बसविला तरी हेच होते. मास्टर सिलिंडर खराब, नळी खराब म्हणत सगळे बदलले जाते आणि दोष मात्र निपलच्या जागेत असतो.

बाजू चुकली असेल तर कॅलिपरांची अदलाबदल करा. बांधलेल्या गाडीत जागेमुळे निपल वर आणताच येत नसेल, तर एक युक्ती आहे. कॅलिपर बोल्ट काढून मोकळा करा, नळी मात्र जोडलेलीच राहू द्या. दोन पॅडच्या मध्ये तबकडीच्या जाडीचा लाकडी ठोकळा घट्ट घाला, म्हणजे दट्ट्या बाहेर उडणार नाही. निपल वर येईल असा कॅलिपर हातात धरून हवा काढा आणि मग पुन्हा जागेवर बसवा.

हवा काढण्याची रीत

हे काम दोन माणसांचे. एक पेडलवर, एक चाकाशी. घरातला कोणीही शहाणा माणूस पेडलवर बसू शकतो. मुलगी, सून, आई, कोणीही. ताकद लागत नाही, सांगितलेले ऐकावे लागते.

साहित्य थोडेच : निपलला बरोबर बसणारा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, एक काचेची बाटली आणि ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा. उघडून ठेवलेल्या डब्यातले तेल वापरू नका. ते हवेतला ओलावा पिते.

मास्टर सिलिंडरच्या वरची टाकी काठोकाठ न भरता खुणेपर्यंत भरा. उजव्या हाताला स्टेअरिंग असलेल्या गाडीत सहसा सर्वांत लांबचे चाक आधी घेतात : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो माहितीपुस्तकात पाहावा. निपल पुसून त्यावर आधी पाना आणि मग नळी चढवा. बाटलीत थोडे तेल घेऊन नळीचे दुसरे टोक त्यात बुडवा, म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जाणार नाही.

आता संवाद ठरवून घ्या. चाकाशी बसलेल्या बापाने म्हणावे, “दाब बेटा.” पोरीने पेडल सावकाश दाबून धरावे आणि सांगावे, “दाबला, बाबा.” मग निपल अर्धा फेरा सैल करावे. बाटलीत बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. पेडल खाली गेले तरी पाय तसाच ठेवावा. निपल आवळून झाल्यावरच बाबांनी म्हणावे, “सोड.” त्याआधी पाय सुटला तर निपलमधून हवा उलटी आत जाते आणि केलेले काम वाया जाते. पेडल हळूहळू दाबावे. धडाधडा मारले तर तेलाचा फेस होतो आणि बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत.

चार-पाच वेळा झाले की टाकीत डोकावा. टाकी रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरच हवा पितो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. बुडबुडा न येता तेलाची सलग धार येईपर्यंत एका चाकाचे काम सोडू नका. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत जाऊ देऊ नका. खाली लाकडाचा तुकडा ठेवा. सिलिंडरच्या ज्या भागात दट्ट्या कधी जात नाही तिथे गंज असतो, आणि तो आतल्या रबरी वाट्या कापतो. बाटलीत निघालेले तेल पुन्हा टाकीत ओतू नका.

मोटारसायकलीच्या मागच्या डिस्कची रीत हीच. पेडल पायाशी आणि कॅलिपर जवळच असल्याने एकट्या माणसालाही जमते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. एबीएसच्या गाडीत टाकी कोरडी पडून हवा त्या यंत्रणेतच गेली, तर ती काढायला काही गाड्यांना वर्कशॉपमधले खास उपकरण लागते. तेव्हा तिथे टाकीवर दुप्पट लक्ष ठेवा.

पेडल काय सांगते?

आता इंजिन चालू करून पेडल जोराने एक मिनिट दाबून धरा. ते कडक लागले आणि जागचे हलले नाही, तर काम साधले. स्पंजासारखे लागले तर आत अजून हवा आहे. पहिल्या दाबाला खाली, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर हवा तरी आहे किंवा पॅडचे अंतर तरी जास्त आहे. कडक लागून सावकाश खाली बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे. सगळे सांधे कोरडे दिसले तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वाट्या गेल्या समजा.

मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर त्याची तार पेडल कडक झाल्यावरच आवळा. आधी आवळली तर पॅडचे अंतर जमत नाही. अशा काही कॅलिपरांचा दट्ट्या नवे पॅड घालताना दाबून आत जात नाही, फिरवून आत घालावा लागतो. जोर करून दाबाल तर आतला आटा मोडेल.

नवे पॅड घातल्यावर गाडी हलविण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात. पहिली परीक्षा मोकळ्या, सपाट मैदानात, माणसाच्या चालीने घ्या. मग थोडा वेग वाढवा. गाडी एका बाजूला ओढते काय, मागची चाके आधी घसरतात काय, ते पाहा. घरी आल्यावर सगळे सांधे पुन्हा तपासा. या परीक्षेच्या वेळी गाडीत दुसऱ्या कोणाला बसवू नका.

पाणी हा दुसरा शत्रू

हवेनंतर ब्रेकचा दुसरा शत्रू पाणी. नेहमीचे ब्रेक ऑइल मिठासारखे हवेतला दमटपणा शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ब्रेक तापून हे तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. घरून निघताना कडक असलेले पेडल वाटेत तळाला जाते ते असे. म्हणून सामान्यपणे दर दोन वर्षांनी तेल बदलावे. टाकीच्या झाकणावर जी जात लिहिली असेल तीच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल निराळे. ते ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळू नका. आणि ब्रेक ऑइल मिळाले नाही म्हणून इंजिन ऑइल, डिझेल किंवा खायचे तेल घालणे म्हणजे सगळी रबरे फुगवून ब्रेक मारून टाकणे आहे.

रोवणीच्या दिवसांत गाडी चिखलातून आली की कॅलिपरवर साधे पाणी मारून चिखल धुवा. तो वाळला की पिना अडकतात. नाला ओलांडल्यावर पुढे सावकाश जाताना दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबा, म्हणजे तबकडी कोरडी होते. फेरी मारून आल्यावर तळहाताची मागची बाजू चाकांजवळ नेऊन पाहा. हात टेकवू नका. एकच चाक फार तापले असेल तर तिथला कॅलिपर अडकला आहे.

ट्रॅक्टरचे वेगळे

बऱ्याच ट्रॅक्टरांनाही डिस्क ब्रेक असतात, पण त्या तबकड्या आत, मागच्या आसाच्या पेटीत असतात आणि पुष्कळदा पेडलपासून सळ्यांनी चालतात. त्यांत तेलाची नळी नाही, म्हणून हवा काढण्याचे कामही नाही. पेडलचा ढिलेपणा दोन्ही बाजूंना सारखा ठेवणे महत्त्वाचे. चिखलणी करणाऱ्याने तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर घेणे बरे, कारण त्यात चिखलपाणी सहजी शिरत नाही. आणि बांधीत वळण्यासाठी सुटी केलेली दोन पेडले रस्त्यावर येण्याआधी खिटीने जोडायला विसरू नका. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटू शकतो.

हौस आणि कायदा

स्वतःची गाडी बांधण्याची हौस आपल्या मातीत आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून लहानशी जीप केली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडविली जाईल, असे म्हणत आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. अभियांत्रिकीची मुलेमुली तर २००७ पासून मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूर इथे सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात. तिथे शर्यतीआधी ब्रेकची परीक्षा असते. चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. नाही झाली तर गाडी शर्यतीत उतरू शकत नाही, मग इंजिन कितीही जोरदार असो.

आपल्या मुलांना ही गोष्ट सांगा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ढोल काढून डिस्क लावण्याचा विचार असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. घरी बांधलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. ती आपल्या शेतात चालवा, शिका. पण ब्रेक मात्र रस्त्यावरच्या गाडीइतकाच पक्का ठेवा. शेतातही लेकरे खेळतात.

बंधुभगिनींनो, हे काम अवघड नाही. ते सावकाशीचे आहे. निपल वर, टाकी भरलेली, आणि “सोड” म्हटल्यावाचून पाय सोडायचा नाही. येत्या अवकाळीची वा रोवणीची वाट न पाहता या आठवड्यातच दारातल्या गाडीच्या पेडलवर एकदा पाय ठेवून पाहा. ते मऊ लागले, तर पोती भरण्याआधी चाक खोला.